मांजरीच्या गालातून गेंड्यापर्यंत

नसबंदीनंतर डॉक्टरांनी इंजेक्शनचं औषध सुई न टोचता मांजरीच्या गालात सोडलं. ते लागू पडतं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. पडतं, आणि त्याचं श्रेय मांजरीच्या लाळेला आहे. असं गालात सोडलं जाणारं वेदनाशामक म्हणजे बहुधा ब्युप्रेनॉर्फिन. मांजरीच्या लाळेचा सामू 8 ते 9. इतक्या अल्कधर्मी लाळेत औषधाचे बरेच रेणू विद्युतभाराविना राहतात आणि तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात शिरतात. गिळलं गेलं तर त्यातलं बहुतेक यकृतच निकामी करून टाकतं. (घरातली पॅरासिटामॉल मात्र मांजराला चुकूनही देऊ नका. ती पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार दुबळी असते. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.)

ब्युप्रेनॉर्फिनचं कूळ मोठं विलक्षण आहे. अफूच्या चिकात मॉर्फिनसोबत थिबेन असतं. ते वेदना शमवत नाही, जास्त झालं तर झटके आणतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ केनेथ बेंटली यांनी नेमकं तेच हाती घेतलं. इतर संशोधक मॉर्फिनचा रेणू सुटसुटीत करू पाहत होते. बेंटलींनी थिबेनच्या आधीच गुंतागुंतीच्या रेणूवर, जुन्या वाड्यावर आणखी एक मजला चढवावा तसं, नवं कडं चढवलं. काय धाडस! त्यातून 1960च्या दशकाच्या सुरुवातीला एटॉर्फिन निघालं, मॉर्फिनपेक्षा हजार पटींहून प्रबळ. एडिनबराच्या प्रयोगशाळेत कुणीतरी हे रसायन लागलेल्या काचेच्या कांडीने चहा ढवळला आणि पिणारे आडवे झाले, असा किस्सा सांगतात.

हेच औषध डार्टमध्ये भरून वन्यजीवरक्षक इयान प्लेअर आणि पशुवैद्य टोनी हार्थूर्न यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीत पांढरे गेंडे पकडले व दुसऱ्या अभयारण्यांत हलवले. दोन टनांच्या जनावराला काही मिलिग्रॅम पुरतात! पांढरा गेंडा वाचवल्याचं श्रेय प्लेअर यांना मिळतं, ते रास्तच आहे. पण बेंटलींचं नाव त्यासोबत क्वचितच येतं, हे मला खटकतं. आसामात पोबितोऱ्याहून मानसला गेंडे नेले, तेव्हाही एटॉर्फिनच वापरलं.

ब्युप्रेनॉर्फिन हे त्याचंच सौम्य भावंड. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या रेकिट अँड कोलमन कंपनीत जॉन लुईस यांनी 1966मध्ये ते बनवलं, तेही थिबेनपासून, बेंटलींच्याच वाटेने. गेंड्याला पुन्हा उठवणारा उतारा, डायप्रेनॉर्फिन, हाही याच कुळातला. टोचल्यावर काही मिनिटांतच गेंडा पायांवर उभा राहतो.