मशरूमच्या पाकिटावर 'औषधी' छापण्याआधी विचारा हे तीन प्रश्न



धिंगरी मशरूमचं युनिट टाकलेल्यांचा आपल्या बॅचमध्ये ठरलेला प्रश्न असतो: "सर, पाकिटावर 'शुगर, बीपीवर गुणकारी' छापू का? माल लवकर खपेल."

उत्तर आहे, नाही. का, ते समजून घ्या.

मशरूममध्ये औषधी घटक आहेत, हे खरंच आहे. शिताके मशरूमपासून काढलेल्या लेंटिननला जपानमध्ये १९८५ साली पोटाच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीच्या जोडीला मान्यता मिळाली. पण ते इंजेक्शन आहे, भाजी नाही! आपल्या धिंगरीतही कोलेस्टेरॉल कमी करणारं लोवास्टॅटिन सापडतं. मात्र गोळीत त्याचं प्रमाण पक्कं असतं, मशरूममध्ये ते बदलत राहतं.

म्हणून कुठलंही संशोधन वाचताना तीन गोष्टी बघा:

१. प्रयोग कशावर झाला? परीक्षानळीत, उंदरांवर की माणसांवर?

२. काय दिलं? अर्क, पावडर की शिजवलेलं मशरूम?

३. किती दिलं? ताज्या मशरूममध्ये जवळपास ९० टक्के पाणी असतं. रोज १० ग्रॅम सुकी पावडर दिली असेल, तर ती साधारण १०० ग्रॅम ताज्या मशरूमची झाली. तुमचं गिऱ्हाईक रोज एवढं खाणार आहे का?

आता कायदा बघू. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसत नाही. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे. आणि दंडाचं सोडा, एखाद्या काकांनी तुमचं पाकीट वाचून शुगरची गोळीच बंद केली तर?

मग विकायचं काय सांगून? जे तपासता येतं ते! मशरूमवर ऊन पडलं की त्यातल्या एर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व बनतं. तुमचं मशरूम उन्हात वाळवा, मान्यताप्राप्त लॅबमधून तपासून घ्या आणि रिपोर्टमध्ये येईल तोच आकडा छापा. प्रथिनं, तंतू यांचंही तसंच. मार्गदर्शनासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या मशरूम संशोधन केंद्रात जाऊन या.

'औषधी' म्हणून एकदा विकाल. खरा आकडा दाखवलात, तर तेच गिऱ्हाईक दर आठवड्याला येईल.