दिंडीच्या ट्रकातली दुसरी बॅटरी

ज्येष्ठ लागला की सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या एका दुकानात दिंड्यांचे ट्रक यायला लागतात. एमआयडीसीच्या कडेला असलेल्या या बॅटरीच्या दुकानाचं वर्ष गिऱ्हाइकांवरून ओळखता येतं. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव, कवठेमहांकाळ भागातले फवारणीचे पंप येतात, त्यांच्या पोटातल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या दम धरत नाहीत म्हणून. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर येतात, उन्हाळ्यात घरोघरचे इन्व्हर्टर. आणि आषाढीच्या आधी हे ट्रक. ताडपत्री चढवलेले, अजून रिकामे, आणि एकाच तक्रारीचे.

वारकरी चालतात आणि ट्रक पुढं जाऊन मुक्कामाला थांबतो. त्याच्या हौद्यात राहुट्या, पातेली, शिधा, अंथरुणं असतात, वयस्कर माणसंही असतात. रात्री उजेड लागतो, भजनाला स्पीकर लागतो, आणि आता सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला लागतात. त्यासाठी इंजिनाच्या बॅटरीशिवाय हौद्यात आणखी एक बॅटरी ठेवतात. ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात सुट्टीला गाडीमागं राहण्याजोगा कॅम्पर ट्रेलर जोडून नेतात, त्याची रचना नेमकी अशीच असते: गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी, राहण्यासाठीची वेगळी, आणि दोन्हींमध्ये लांब तार. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण चाकांवरच्या मुक्कामाची सवय आपल्या लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्या मुक्कामाच्या विजेचे सगळे आजार या दुकानात बघायला मिळतात. मी तिथं बसून राहिलो तो त्यासाठीच.

मी बघितलेल्या ट्रकाचा चालक आला तो निर्णय घेऊनच आला होता.

"रात्री आठला लाइटी पिवळ्या पडत्यात बगा. गेल्या साली नवी कोरी बॅटरी घातली, तरी तेच. आता दोनशे अँपियरची द्या."

"देतो की. पण आधी बघू तर द्या, माउली," दुकानाचे मिस्त्री म्हणाले. मीटर त्यांनी हातातही घेतला नाही. गाडी दिवसाला किती चालते, वारी झाल्यावर बॅटरी कुठं ठेवता, पाणी कोण घालतं आणि कुठलं घालतं, हे विचारलं. उत्तरं मिळाली ती अशी: मुक्काम ते मुक्काम, म्हणजे वीसेक किलोमीटर. वारीनंतर देवळाच्या पत्र्याच्या खोलीत. पाणी घरातल्या आरओचं. तपासणीतला निम्मा भाग इथंच उरकला होता, हे मला दुपारनंतर कळलं.

मग अर्थिंगची तार आधी सोडली. हा क्रम ते कधी चुकवत नाहीत. धनाचं टर्मिनल आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. खायच्या सोड्याच्या पाण्यानं ती फेस काढत धुऊन निघाली. झाकणं घट्ट असल्याची खात्री आधी केली होती, कारण सोडा आत गेला तर ॲसिडच मरतं.

ट्रक नुकताच चालून आलेला. मीटर लावला तर १२.९ दिसले. चालकाचा चेहरा खुलला, पण मिस्त्रींनी तो आकडा मोजलाच नाही. चार्जिंगवरून नुकत्याच उतरलेल्या बॅटरीत हे वरवरचे व्होल्ट असतात. लोड न लावता काही तास ठेवली की खरा आकडा खाली येतो. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी तेव्हा साधारण १२.६ दाखवते, निम्मी भरलेली १२.२ च्या आसपास, आणि १२ च्या खाली गेली की ती उतरलीच. दुपारी पुन्हा मीटर लावला: १२.२.

या वाट बघण्याच्या वेळात त्यांनी एका ट्रॅक्टरची बॅटरी तपासली, आणि त्या दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून बघणं हाच माझ्यासाठी मोठा धडा ठरला. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक दोन व्होल्टच्या जरा वर. प्रत्येक सेलचं झाकण उघडून काचेच्या हायड्रोमीटरनं थोडं ॲसिड ओढायचं आणि तरंगता काटा कुठं थांबतो ते वाचायचं. दुकानाच्या भाषेत ही 'ग्रॅव्हिटी', आणि दशांशचिन्ह कुणी उच्चारत नाही. १.२४० म्हणजे बाराशे चाळीस. आपल्या उष्ण भागातल्या भरलेल्या बॅटरीत बनावटीप्रमाणे हा आकडा १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असतो. चार्ज उतरतो तशी गंधकाम्लातली सल्फेट प्लेटांवर जाऊन बसते, ॲसिड पातळ होतं, काटा खाली बुडतो. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिसं-ॲसिडची बॅटरी बनवली, तेव्हापासून आतली ही देवाणघेवाण तीच आहे.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाच सेल बाराशे चाळीसला आणि सहावा अकराशे तीसला. व्होल्ट मात्र १२.४! नुसत्या मीटरवर ही बॅटरी पास झाली असती. लोड टेस्टर दाबल्याबरोबर ती नऊच्या खाली कोसळली, आणि त्याच सेलमधून बुडबुडे निघाले. सेल गेला होता. एका सेलमध्ये आणि बाकीच्यांत पन्नास पॉइंटांचा फरक दिसला, आणि चार्ज करूनही तो मिटला नाही, तर त्या बॅटरीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. मालकाला तसं सरळ सांगितलं.

दिंडीच्या बॅटरीत सहाही सेल एका रांगेत होते: पाच बाराशेला, एक अकराशे नव्वदला. सगळेच कमी, पण सारखे कमी. "ही आजारी न्हाई, उपाशी हाय," मिस्त्री म्हणाले. बॅटरी बदलून उपास सुटत नाही. गेल्या साली नेमकं तेच झालं होतं. नवी बॅटरी त्याच उपासमारीत येऊन बसली होती, आणि दोनशे अँपियरची घातली असती तर ती आणखी रिकामी राहिली असती.

काही दुकानांत अशा वेळी सेलमध्ये ॲसिड ओतून ग्रॅव्हिटी वाढवून देतात. याबद्दल मला सौम्य बोलता येत नाही. ताप मोजण्याआधी थर्मामीटर कोमट पाण्यात बुडवण्यासारखंच ते आहे. काटा वर येतो, बॅटरी तिथंच राहते, आणि दाट ॲसिड प्लेटा लवकर खातं. उडून जातं ते पाणी, तेव्हा घालायचं तेही पाणीच, आणि तेही डिस्टिल. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बोअरच्या पाण्याचं तर नावच नको.

मग बॅटरी उपाशी का, याचा शोध. इंजिन सुरू केलं. अल्टरनेटरवर, ज्याला दुकानात अजून डायनामोच म्हणतात, १४.२ व्होल्ट. ठीक. तोच मीटर हौद्यातल्या बॅटरीवर लावला तर १२.९. क्लॅम्प मीटर दाखवत होता १८ अँपियर. म्हणजे १.३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. मिस्त्री ताडपत्रीखाली शिरले आणि तार हातात घेऊन बाहेर आले. घरातल्या प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तार, जायला पाच मीटर आणि अर्थिंगची परत यायला पाच.

हा हिशेब कागदावर करून बघावा असा आहे. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागं सुमारे ७.४ मिलिओहम रोध असतो. दहा मीटरला ७४. त्यातून १८ अँपियर गेले की १.३ व्होल्ट तारेत जिरतात, मीटरनं दाखवले तेवढेच. तारच जराशी कोमट लागत होती. शिसं-ॲसिडची बॅटरी पुरती भरायला टर्मिनलवर चौदाच्या वर व्होल्ट पोचावे लागतात. तेरालाही न पोचणाऱ्या तारेवर ती इतकी सावकाश भरते की मिळेल त्या वेळात निम्म्यावरच अडकते. तीच तार १६ स्क्वेअरची असेल तर घट पाव व्होल्टाहून कमी. कॅम्पर ट्रेलरवाल्यांच्या बॅटऱ्याही बऱ्याचदा अशाच मरतात. गाडीच्या पुढून मागच्या डब्यापर्यंतची तार लांब असते, आणि पैसे वाचवायचे तर सगळ्यांना तारच आधी दिसते.

पण तार बदलून भागणार नव्हतं, आणि इथं मिस्त्रींचा पहिला प्रश्न कामी आला. दिव्यांना आणि चार्जिंगला धरून पाच अँपियर, सहा तास: रात्रीचे तीस अँपियर-तास. ते परत भरताना पंधरा-वीस टक्के जादा घालावे लागतात, म्हणजे छत्तीसच्या आसपास. ट्रक मात्र दिवसाला वीस किलोमीटर, जेमतेम पाऊण तास चालतो. त्यात पंधरा अँपियर-तास गेले तरी खूप. शेवटचा भाग तर बॅटरी सावकाशच घेते. पायी वारीचा वेग माणसांसाठी आहे, त्यात डायनामोला अवसरच नाही. रोज निम्म्याहून जास्त तूट, आणि थोड्याच मुक्कामांत लाइटी पिवळ्या.

"मुक्कामाला शाळा असतीया, देऊळ असतंय. तिथं प्लग मागायचा, चार्जर लावायचा," मिस्त्री म्हणाले. ताडपत्रीवर सोलर पॅनेल बांधायचा विचारही झाला, पण आषाढातल्या ढगांखाली त्याच्यावर एकट्यावर विसंबायला ते तयार नव्हते.

बॅटरी त्यांनी पाच अँपियरवर चार्जिंगला लावली, सावकाश. दीर्घकाळ उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे कडक होतात, घाईनं करंट दाबला की फक्त ॲसिड तापतं. मधूनमधून ते बाजूला हात लावून बघत. चटका बसायला लागला तर चार्जर बंद. दुसऱ्या दिवशी सहाही सेलमधून सारखे बुडबुडे येत होते आणि काटे बाराशे चाळीसच्या वर होते. एवढी उपासमार काढूनही ती वाचली, कारण तिचं वय एकच वर्ष होतं.

तिला खरं मारलं असतं देवळाच्या खोलीनं. वारी महिन्याभरात संपते आणि मग अकरा महिने बॅटरी पत्र्याखाली पडून राहते. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. सांगलीचा एप्रिल-मे डोळ्यांपुढं आणा! त्यात कुणी तारा तशाच जोडून ठेवल्या आणि एखादा चार्जिंग पॉइंट ५० मिलिअँपियर खात राहिला, तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपियर-तास गेले. म्हणून सूचना अशी: अर्थिंग सोडून ठेवायची, सावलीत ठेवायची, दर महिना-दीड महिन्यानं एक दिवस चार्जिंगला लावायची.

ट्रॅक्टरवाल्याची मेलेली बॅटरी दुकानात एका कोपऱ्यात उभी ठेवली होती, आडवी नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या नोंदणीकृत कारखान्यातच फुटायला हव्यात. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतलं शिसं मातीतून आणि धुळीतून लहान मुलांच्या पोटात जातं, त्यांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मिस्त्री चहाआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतात, आणि दुकानात लहान मूल आलं की त्याला आधी बाहेरच्या बाकावर बसवतात.

निघताना चालकानं लिथियमचं विचारलं. हल्ली सगळेच विचारतात. मिस्त्रींनी नाक मुरडलं नाही. हलकी असते, जास्त टिकते, खोलवर उतरवली तरी सोसते. पण तिला तिचा चार्जर लागतो, रिकामी असताना ती डायनामोकडून एवढा करंट ओढते की मध्ये वेगळा चार्जर नसला तर डायनामोच तापतो, आणि तिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखेच राहत असल्यानं साध्या मीटरवर किती उरली ते कळत नाही.

"तार बारीक ठेवून तीबी उपाशीच मरंल. आधी सोळा स्क्वेअर घ्या, दोन्हीकडची मिळून दहा मीटर. बॅटरीजवळ फ्यूज, आणि मध्ये रिले, म्हंजे रातच्या लाइटीनं सेल्फची बॅटरी उतरायची न्हाई."

"आणि दोनशे अँपियरची?"

"नगं. ह्योच चार्जर न्या संगं."

चालकानं तारेचा भाव विचारला आणि दहाऐवजी बारा मीटर कापून घेतली.