हिरवा पट्टा, पिवळा पट्टा आणि मुळशीचा शेजार

पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडला की पुणे संपले, असे एके काळी मानले जात असे. पुढे बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट ही भातखाचरांची आणि डोंगरउतारांची गावे, आणि त्यापलीकडे तालुक्याचे ठाणे पौड. आज त्याच रस्त्यावर इमारतींची रांग तुटत नाही. तालुक्याच्या उत्तर टोकाला हिंजवडी आणि माण येथील माहिती तंत्रज्ञान उद्यानाने देशभरातील तरुण ओढून आणले, तर दक्षिणेला डोंगर आणि जलाशयांच्या ओढीने दुसरे घर घेणारी मंडळी आली. समाजातील अनेक कुटुंबांचा या तालुक्याशी संबंध आला तो याच दोन मार्गांनी. कोणाचा मुलगा हिंजवडीत नोकरीस लागला, तर कोणी निवृत्तीच्या पुंजीतून भूगाव-पिरंगुटच्या बाजूस सदनिका वा भूखंड घेतला.

घर घेताना किंमत पाहिली जाते, दिशा पाहिली जाते, मंदिर आणि बाजार किती लांब हेही विचारले जाते. समोरच्या मोकळ्या शेताचे उद्या काय होणार, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. मुळशीतील शेजाराच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

नकाशातील रंग

नियोजनाच्या नकाशावर शेतीविभाग हिरव्या आणि निवासी विभाग पिवळ्या रंगाने दाखविला जातो. त्यावरून 'हिरवा पट्टा' आणि 'पिवळा पट्टा' हे शब्द इतके रूढ झाले, की गावातील चहाच्या टपरीवरही जमिनीचा भाव सांगण्यापूर्वी तिचा रंग सांगितला जातो. हा रंग ठरवितो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याखाली १९९७ साली पुणे प्रादेशिक योजना मंजूर झाली. पुढे ३१ मार्च २०१५ रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाले आणि तालुक्यातील बांधकाम परवानगीचा अधिकार त्याच्याकडे गेला.

या प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपल्या संपूर्ण क्षेत्राची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. हजारो शेतकऱ्यांनी आणि सदनिकाधारकांनी प्रथमच आपल्या जमिनीचा रंग नकाशावर शोधला. कोणाच्या शेतावरून रस्ता गेला होता, कोणाचा गट हिरवाच राहिला आणि बांधाशेजारचा पिवळा झाला होता. हरकती आणि सूचनांची संख्या सुमारे ६७ हजारांवर गेली. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले आणि अखेरीस २०२५ मध्ये राज्य शासनाने ही प्रारूप योजनाच रद्द केली.

योजना रद्द होणे म्हणजे प्रश्न मिटणे नव्हे. मधल्या चार वर्षांत त्या नकाशाच्या भरवशावर व्यवहार झाले होते. 'लवकरच पिवळा होणार' या एका वाक्यावर हिरव्या जमिनीचे भाव वाढले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वसूल न झालेल्या धनादेशावर खर्च करण्यासारखाच हा प्रकार होता. प्रारूप म्हणजे मंजूर नव्हे, ही साधी गोष्ट अनेकांनी मोठी किंमत देऊन शिकून घेतली.

शेतकऱ्याची बाजू

सदनिकाधारकाला समोरचे शेत हिरवे राहावे असे वाटते. त्याचे वाटणे समजण्यासारखे आहे. मात्र ते हिरवेपण जपण्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का उचलावा, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. ज्याच्या बांधाला लागून दहा मजली इमारत उभी आहे, त्याला भाताच्या एका पिकावर समाधान मान, असे सांगणे सोपे नाही.

मुळशीच्या माणसाला जमिनीचे दुःख नवे नाही. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती ही पदवी लाभलेले पांडुरंग महादेव बापट त्यात अग्रभागी होते. धरण झाले, खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. आजही मुळशी जलाशयाचे पाणी घाट उतरून कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे जाते, आणि त्याच तालुक्यातील नव्या वसाहती उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. दुसऱ्याच्या विकासासाठी आपली जमीन कशी वापरली जाते, हे शंभर वर्षांपूर्वी पाहिलेल्या गावांना आज कोणी 'तुम्ही हिरवेच राहा' असे सांगितले, तर त्यांच्या मनात शंका येणारच.

गुंठ्याचा मोह

पट्टा बदलण्याची रीतसर वाट लांबची असते. म्हणून आडवाट निघते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून लागू आहे आणि २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे व बागायतीचे १० गुंठे ठरविले. तरीही दोन-दोन गुंठ्यांची विक्री थांबली नाही. दहा खरेदीदार एकत्र येऊन सामाईक खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर दहा नावे लागतात, जागेवर चुन्याच्या रेघा आखल्या जातात. कागदावर मात्र कोणाचा तुकडा कोणता, हे कोठेही लिहिलेले नसते. एका सहधारकाने वाद काढला की बाकीचे नऊही अडकतात. मंजूर रेखांकन आणि अकृषिक परवानगी नसलेल्या अशा तुकड्यावर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. बँकेचा नकार हा अडथळा नसून इशारा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

'फार्महाऊस' या शब्दाचेही असेच. शेतघर बांधण्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर शेतजमीन लागते. पाच गुंठ्यांवरील टुमदार बंगल्याला जाहिरातीत काहीही म्हटले, तरी तो या व्याख्येत बसत नाही.

मोठ्या नावाने धोका टळतो, असेही नाही. मोसे खोऱ्यात १९९६ च्या गिरिस्थान धोरणाच्या आधारे लवासा उभे राहिले. २००८ मध्ये त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला. २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे आले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेल्या कुटुंबांच्या वाट्याला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली.

एका घरात किती माणसे?

हिंजवडी, माण, मारुंजी या भागात तक्रार वेगळी आहे. येथे पट्टा आधीच बदललेला आहे आणि प्रश्न आहे तो घरातील माणसांच्या संख्येचा. दोन शयनगृहांच्या सदनिकेत आठ नोकरदार तरुण राहतात. गावठाणालगतच्या दोन-तीन गुंठ्यांवर अनेक खोल्यांचे 'पीजी' उभे राहते. शेजारची कुटुंबे वाहनांची गर्दी, रात्रीचा गोंगाट आणि पाण्याची टंचाई यांनी त्रासतात.

ही टंचाई भावनेने नव्हे, आकड्यांनी समजून घ्यावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार शहरी निवासासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते आणि आराखडा करताना एका सदनिकेत साधारणतः पाच माणसे गृहीत असतात. म्हणजे सदनिकेस ६७५ लिटर आणि शंभर सदनिकांस ६७,५०० लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे जवळपास सात टँकर. त्यातील केवळ वीस सदनिकांत पाचऐवजी आठ माणसे राहू लागली, तर दररोज ८,१०० लिटर पाणी अधिक लागते. जवळजवळ एक टँकर वाढतो आणि त्याचा खर्च सर्व शंभरांवर विभागला जातो. सांडपाणी प्रक्रिया, उद्वाहन, वाहनतळ यांचा हिशोबही याच रीतीने बिघडतो.

म्हणून संख्येची चिंता खोटी नाही. परंतु तिचे रूपांतर 'अविवाहितांना घर नाही' अशा फलकात होते, तेव्हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. ज्या गृहस्थाची कन्या बंगळुरूत भाड्याने खोली शोधताना दहा ठिकाणी नकार ऐकते, तोच गृहस्थ आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तशाच ठरावाला हात वर करतो, हे विसंगत आहे. संस्थेने पाहावयाचे ते माणसाचे लग्न नव्हे, तर माणसांची संख्या, पाण्याचा वापर आणि वागणूक.

त्यासाठी साधने उपलब्ध आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ही जबाबदारी घरमालकावर आहे. करारात राहणाऱ्यांची नावे असली की संख्या आपोआप निश्चित होते. सदनिका भाड्याने दिल्यावर संस्थेला बिनभोगवटा शुल्क घेता येते, परंतु ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. दंडाच्या नावाखाली मनमानी रक्कम लावण्यापेक्षा सदनिकेच्या नळाला मीटर बसवून वापराप्रमाणे आकारणी करणे अधिक न्याय्य आणि टिकाऊ ठरते. जो अधिक वापरेल तो अधिक देईल, या तत्त्वावर कोणाचाही आक्षेप राहत नाही.

घर घेण्यापूर्वी

मुळशीत घर वा जमीन घेणाऱ्या कुटुंबाने पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. आपल्या गटाचा झोन दाखला घ्यावाच, पण चारही बाजूंच्या गटांचा विभाग कोणता तेही नकाशावर पाहावे. समोरून किती रुंदीचा नियोजित रस्ता जातो ते तपासावे, कारण रुंद रस्ता म्हणजे उद्याची उंच इमारत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, हे वाचावे. वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात. तयार सदनिकेसाठी भोगवटा प्रमाणपत्र मागावे आणि पाण्याचा स्रोत टँकर आहे की नळयोजना, हे लेखी विचारावे. प्रकल्पाची महारेरा नोंदणी संकेतस्थळावर पाहावी.

आणि विभाग बदलाची सूचना प्रसिद्ध झाली, तर मुदतीत हरकत नोंदवावी. 'आम्हाला त्रास होईल' एवढे लिहून भागत नाही. रस्त्याची रुंदी, पाण्याची उपलब्धता, ओढ्याचा प्रवाह, असे मुद्दे आकड्यांसह मांडलेली एका पानाची हरकत शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा अधिक वजनदार ठरते.

'भोगवटा' हा शब्द आपल्या दोन कागदांवर येतो, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आणि सदनिकेच्या प्रमाणपत्रावर. जमीन असो वा घर, उपभोग कायद्याच्या आणि शेजाऱ्याच्या मर्यादेतच घ्यावयाचा असतो, याची आठवण तो शब्द करून देतो. आज ज्याच्या बाल्कनीतून डोंगर दिसतो, त्याची इमारत उभी राहताना मागच्या कोणाचा तरी डोंगर झाकला गेला होता. एवढे स्मरणात ठेवून शेतकरी, सदनिकाधारक आणि भाडेकरू तरुण एका ग्रामसभेत बसले, तर मुळशीचा नकाशा कोणत्याही रंगाचा असो, शेजार टिकेल.