धानावरच्या बुरशीतून आली कोलेस्टेरॉलची गोळी!

सडक अर्जुनी म्हणजे धानाचा मुलूख. पावसाळ्यात पोत्याला ओल लागली की दाण्यांवर निळसर-हिरवी बुरशी धरते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा मूळपुरुष अशाच बुरशीत सापडला: जपानात, क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावर!

शोधणारे अकिरा एन्डो, शेतकऱ्याचेच पोर. १९७१पासून दोन वर्षांत त्यांनी सहा हजारांवर बुरशी तपासल्या आणि ‘कॉम्पॅक्टिन’ हाती लागलं. उंदरांवर मात्र ते चालेचना! मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिलं, तर त्यांचं कोलेस्टेरॉल निम्म्याच्या आसपास आलं. कॉम्पॅक्टिन बाजारात कधी पोचलं नाही. पहिला मान मिळाला लोव्हास्टॅटिनला, १९८७मध्ये, अमेरिकेत.

म्हणून बुरशीचा तांदूळ रांधू नका हं! तीच पेनिसिलियम सिट्रिनम बुरशी सिट्रिनिन नावाचं विषही बनवते, आणि ते मूत्रपिंडावर उठतं.

तेल-तूप सोडलं तरी कोलेस्टेरॉलचा आकडा अनेकदा फारसा हलत नाही, असं का? कारण बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, शरीर स्वतः बनवतं. ते बनवायला लागणारं यकृतातलं एक एन्झाइम स्टॅटिन अडवतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते आपल्या पेशींवर जास्तीची दारं उघडून रक्तातलं वाईट एलडीएल आत ओढतं. खरी करामत ही! ही दारं शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं.

गोळी रात्रीचीच का? शरीर कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं आणि सिम्व्हास्टॅटिनचा असर लवकर ओसरतो, म्हणून. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसभर टिकतात. रोवणीला निघण्याआधी सकाळी घेतली तरी चालते.

डोस दुप्पट केला म्हणून घट दुप्पट होत नाही. एलडीएल जेमतेम आणखी ६ टक्के उतरतं.

१९९४मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी दिसले. तरी ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून कितीतरी जण गोळी परस्पर सोडतात. तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल असतो; सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर!

रोवणीनं अंग दुखतं ते वेगळं. पण गोळी सुरू असताना विनाकारण मांड्या-दंड ठणकू लागले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील, तर तेही आधी सांगा.