अनफिट

माझ्या दवाखान्याची वेळ मी ठरवली नाही, शिफ्टने ठरवली. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, म्हणून चारला शटर वर. तिसऱ्या शिफ्टची माणसं घरी जायच्या आधीच येतात, म्हणून सकाळी साडेसातला पुन्हा. १९९१ मध्ये भोसरीत बसलो तेव्हापासून हेच चालू आहे. पुढे चाकणला, खराबवाडीच्या बाजूला, आठवड्यातले तीन दिवस बसू लागलो. तिथेही तेच.

भोसरीतली पहिली वर्षं बोटांची आणि पोटांची होती. प्रेसमध्ये सापडलेलं बोट, ग्राइंडिंग करताना डोळ्यात उडालेला कण, कावीळ, टायफॉइड, आणि पत्र्याच्या एका खोलीत सहा जण राहतात तिथे हटकून निघणारा टीबी. या सगळ्याला माझ्याकडे काही ना काही उत्तर असायचं. या पट्ट्याची जडणघडणच तशी. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन इथे बनू लागलं. मग बजाज आली, टेल्को आली, त्यांच्या मागोमाग लहानमोठी वर्कशॉप. जंतू मारला की माणूस कामावर, हा हिशेब मलाही पटलेला होता.

तो हिशेब मोडला एका ऑपरेटरमुळे. वय एकोणतीस. हातपाय काटकुळे, पोट मात्र बेल्टवरून किंचित पुढे आलेलं. लघवीला मुंग्या लागतात म्हणून बायकोने पाठवलं होतं. उपाशीपोटी साखर २६० च्या वर. मी तपासणी पुन्हा करायला लावली, कारण शुगर म्हणजे सुटलेल्या शेठजींचा आजार हे डोक्यात पक्कं बसलेलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत असे इतके जण आले की मी चकित होणं सोडून दिलं.

याचं उत्तर पुण्यातच शोधलं जात होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने सगळं कमी, पण कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तो फोटो मी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, मी तर बारीक आहे,’ तेव्हा मी काचेवर बोट ठेवतो.

म्हणजे आईच्या पोटात उपाशी राहिलेलं मूल वीस वर्षांनी चाकणला येतं. इथे सकाळी सहाला चहा-खारी, दुपारी खानावळीचा भाताचा डोंगर आणि दिसेल न दिसेल अशी डाळ, रात्रपाळीला वडापाव. झोपेची वेळ दर आठवड्याला बदलते. मूग-मटकीची उसळ, शेंगदाणे, अंडी, मुळ्याचा पाला हे गावी आई करायची. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला ते करून घालणार कोण? गावात राहिलेल्यांचंही वेगळं नाही. कुरुळी-निघोजेच्या ज्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, ते बैलामागे चालायचे. आता त्यांची मुलं गाडीतून फिरतात आणि चाळिशीच्या आत माझ्यासमोर बसतात.

एक चूक मी बरीच वर्षं केली, ती इथे लिहून ठेवतो. देहू-आळंदीच्या मधला हा मुलूख, घरोघरी माळकरी. अंडं नाही, मासळी नाही, दूध डेअरीला जातं. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर झालेत अशी तक्रार आली की मी ती शुगरच्या खात्यावर टाकायचो आणि मेटफॉर्मिनचा डोस वाढवायचो. याज्ञिकांच्या त्याच गावांत निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली तर ते आणखी उतरतं. मी औषधानेच बधिरपणा वाढवत होतो. आता आधी बी-१२ तपासतो, आणि माळकऱ्यांना सांगतो, रोज वाटीभर दही ठेवा घरासाठी, मग डेअरी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. २००३ पासून बारा वर्षं मी एका कारखान्यात भरतीच्या तपासण्या करत होतो. ठेकेदार पोरांची रांग लावायचा. वजन, उंची, बीपी, रक्त-लघवी आणि शेवटी माझी सही. साखर किंवा बीपी वाढलेलं दिसलं की कागदावर ‘अनफिट’, आणि पोरगा गेटबाहेर. औषध नाही, चिठ्ठी नाही. एकदा लातूरकडचा एक मुलगा पाय न उचलता उभाच राहिला. म्हणाला, ‘कागदावर नका लिहू सर, गोळी लिहून द्या.’ मी कागदावर लिहिलं. त्यानंतर पोरं तपासणीच्या आदल्या दिवशी जेवायची नाहीत, मित्राची लघवी बाटलीत आणायची. आजार पकडायला केलेली तपासणी आजार लपवायला शिकवत होती, आणि तिच्यावर माझी सही होती.

त्यात ठेक्यावरच्या पोरांना सात महिन्यांनी ब्रेक. नवी कंपनी, नवी तपासणी, आधीचा रिपोर्ट कुणाकडेच नाही. ईएसआयचं कार्ड असतं, पण पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजारांवरच आहे. पगार त्यापुढे सरकला की संरक्षण जातं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ मध्ये राज्यभर झाली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तिने माझ्या कित्येक पेशंटची अँजिओप्लास्टी फुकट करून दिली, आणि त्याबद्दल मी सरकारचा ऋणी आहे. पण ती अँजिओप्लास्टी टाळणारी बीपीची रोजची गोळी माणूस खिशातून घेतो आणि पगार उशिरा झाला की बंद करतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात दोन तृतीयांश पैसा प्राथमिक आरोग्यावर लावायचं म्हटलंय. माझ्या मते तो पैसा कारखान्याच्या गेटापासून हाकेच्या अंतरावर, शिफ्ट सुटायच्या वेळी उघडा असलेल्या दवाखान्यात दिसला पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षाला एक मोफत तपासणी आणली. चांगलं झालं. पण माझा ऑपरेटर एकोणतीस वर्षांचा होता. तपासणी पंचविशीला सुरू करा, रिपोर्ट कामगाराच्या हातात द्या, आणि क्रेन, उंचीवरचं काम असे मोजके अपवाद सोडले तर त्यावरून कुणाचं काम काढू नका.

कँटीनसाठीही मी भांडलो. तेव्हाच्या कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असले की कँटीन लागायचं. ताटात काय असावं यावर मात्र भांडावं लागतं. एका ठिकाणी भात थोडा कमी करून रोज उसळ आणि काकडी-टोमॅटो सुरू करवली. आठवडाभर कामगारच माझ्यावर चिडले, मग उसळ संपायला लागली. वर्षभराने कँटीनचं टेंडर स्वस्तातल्या माणसाला गेलं आणि उसळ गेली.

भरतीच्या तपासण्या मी सोडल्या तेव्हापासून प्रत्येक बीपी-शुगरवाल्याला शंभर पानी वही देतो. तारीख, आकडे, गोळी. कंपनी बदलली, गावी गेला, तरी वही त्याची. गेल्या महिन्यात एक फिटर चार वर्षांनी आला. मधे गुजरातेत होता. वही जपली होती, तिथल्या डॉक्टरांकडूनही लिहून घेतलेलं. पहिल्या पानावरचं नाव मात्र ब्लेडने कापून काढलं होतं.

‘रूमवर सुपरवायझरचा भाऊ राहतो सर,’ तो म्हणाला.

मी पान उलटलं, तारीख टाकली आणि १४८/९६ लिहिलं.