प्रवासांतली चूल

मराठींत ‘चूल मांडणें’ म्हणजे संसार थाटणें, आणि ‘चूल वेगळी होणें’ म्हणजे घर वेगळें होणें. चूल ही आपली जागा न सोडणारी वस्तु, अशी समजूत या शब्दप्रयोगांच्या मुळाशीं आहे. बीड जिल्ह्यांत मात्र ही समजूत दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास खोटी ठरते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या भागांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जावयास निघतात. गाडीवर धान्याचें पोतें, अंथरूण-पांघरूण, भांडींकुंडीं, आणि पुष्कळदां त्यांतच एक लहानशी लोखंडी चूल असते. ती नसेल तेथें तीन दगड चुलीचें काम करतात. फाल्गुन-चैत्रापर्यंत या कुटुंबांचा संसार त्या फिरत्या चुलीभोंवतीं चालतो.

फिरती चूल केवळ त्यांचीच आहे असें मात्र नाहीं. आषाढी वारीच्या वेळीं मुक्ताबाईंची पालखी बीडवरून जाते, शेगांवची पालखी परळी व आंबेजोगाई येथून जाते. दिंडीच्या मुक्कामीं चुली पेटतातच. थंडीच्या दिवसांत हुरड्याची आगटी पेटविणारीं, किंवा कपिलधारच्या धबधब्याकडे वनभोजनास निघालेलीं शहरांतील कुटुंबेंही हौसेनें अशी चूल बरोबर घेतात. एकाची ती गरज आहे आणि दुसऱ्याची हौस; अग्नीला हा भेद कळत नाहीं. म्हणून त्याचे नियम दोघांनींही जाणून घेणें अवश्य आहे.

प्रथम लांकूड जळतें कसें, तें पाहूं. लांकूड तापलें कीं आधीं त्यांतील पाणी वाफ होऊन निघून जातें. त्यानंतर लांकडांतून ज्वालाग्राही वायु बाहेर पडतात. आपण जी ज्वाळा पाहतों ती या वायूंची असते. शेवटीं उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. या वायूंना पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली तर ते जळून जातात. न मिळाली तर तेच धूर होऊन डोळ्यांत व छातींत शिरतात. तेव्हां धूर म्हणजे न जळलेलें जळणच होय. तीन दगडांच्या उघड्या चुलींत लांकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा भांड्यास लागतो. बाकीची वाऱ्यावर जाते. लोखंडी चुलीच्या तळाशीं जाळी असली म्हणजे खालून हवा येते, राख खालीं पडते आणि ज्वाळा भांड्याच्या बुडाशीं राहते. मात्र चुलीचें तोंड लांकडांनीं गच्च भरलें तर हा सारा फायदा व्यर्थ जातो. दोन-तीन बारीक लांकडें, त्यांचीं टोंकें तेवढीं आंत, आणि त्यांच्या खालून हवेला वाट, हा चुलीचा पहिला धडा आहे.

जळण वाळलेलें असावें. हिरव्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा भाग पाणी असूं शकतो. तें आटविण्यांतच विस्तवाची शक्ति खर्च होते. बाभळीचें लांकूड सावकाश जळतें व त्याचे निखारे टिकतात. तुराट्या व पऱ्हाट्या झटकन पेटतात, म्हणून त्या पेटवणीपुरत्या घ्याव्या. बांबूचें अखंड पेर विस्तवांत घालूं नये. आंतील हवा व वाफ कोंडून तें फुटतें व निखारे उडतात. नदीपात्रांतील ओले दगडही त्याच कारणानें चुलीला लावूं नयेत. रंग दिलेलीं फळकुटें, प्लायवूड, प्लास्टिकच्या पिशव्या व कण्हेरीच्या काटक्या जळणांत कदापि नसाव्या. विस्तव मंद झाला म्हणून वरून रॉकेल किंवा पेट्रोल ओतणें म्हणजे ज्वाळेला हातांतील बाटलीपर्यंत वाट करून देणें होय.

आतां घरची चूल व प्रवासांतली चूल यांतील मुख्य भेद सांगतों. घरची चूल मातीची, जड व भिंतीशीं बांधलेली असते. फिरती चूल हलकी असते, तिचे पाय असमान जमिनीवर डगमगतात, आणि तिची सारी बाजू तापते. म्हणून ती नेहमीं सपाट, कठीण व उघड्या जमिनीवर ठेवावी. भोंवतालचें गवत व पालापाचोळा निदान दोन हात झाडून काढावा. चूल रुंद आणि भांडें बेताचें असावें. लहान चुलीवर मोठा हंडा चढविला कीं त्याचा तोल केव्हां जाईल, हें सांगतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेंतून सुटते. फोडून तुकडे केले नाहींत तर लांब लांकडाचा बराच भाग चुलीच्या तोंडाबाहेर राहतो. आंतील टोंक जळून गेलें कीं बाहेरच्या भाराने लांकूड कलतें, आणि पेटता तुकडा जमिनीवर पडतो. धांवणाऱ्या मुलाचा पाय त्याच बाहेरच्या टोंकाला अडखळतो. लांकूड वीतभर तोडून घेतलें तर हे दोन्ही अपघात टळतात.

ऊसतोडीच्या तळावर हा विषय केवळ सोयीचा राहत नाहीं. तेथील निवारा म्हणजे कोपी. बांबू, चटया, ताडपत्री व उसाचें पाचट यांची ती बनते. वाळलेल्या पाचटाला ठिणगी पुरते. कोप्या एकमेकींना लागून असतात आणि वारा असला तर एकीची आग दुसरीस लागावयास वेळ लागत नाहीं. नवराबायकोंची जोडी, जिला तेथें ‘कोयता’ म्हणतात, ती फडावर जाण्यापूर्वीं बाईला पहांटेच्या अंधारांत उठून भाकरी कराव्या लागतात. झोंप पुरी झालेली नाहीं, जवळ तान्हें मूल आहे, थंडी आहे, म्हणून चूल आंत घेण्याचा मोह होतो. आणि धोका नेमका येथें आहे. चूल कोपीपासून आठ-दहा हात दूर असावी, आणि वारा कोपीकडून चुलीकडे वाहत असावा, म्हणजे ठिणग्या उघड्या रानाकडे जातील.

थंडीच्या रात्रींचा दुसरा धोका दिसत नाहीं, म्हणून तो अधिक भयंकर आहे. धूर थांबला, नुसते निखारे राहिले, म्हणजे आतां चूल आंत घेण्यास हरकत नाहीं, असें अनेकांस वाटतें. परंतु हवा अपुरी पडलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु भरपूर निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां या वायूची ओढ दोनशें पटींहून अधिक असते. त्यामुळें श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवांचून तडफडतें. डोकें दुखणें, चक्कर, मळमळ, ग्लानि ही त्याचीं लक्षणें. झोंपलेल्या माणसास तींही कळत नाहींत. तंबू, बंद मोटार, दारें लावलेली खोली, ताडपत्रीचा निवारा, यांत पेटती चूल किंवा निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोंपणें हा प्राणाशीं खेळ आहे. आंत बसलेल्या एकाहून अधिक माणसांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें, तर प्रथम सर्वांस उघड्यावर आणावें आणि मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रेल्वेच्या डब्यांत तर कोणत्याही प्रकारची चूल पेटवूं नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यास आग लागून ९ जण मृत्यु पावले. आंत चहासाठीं गॅसचें सिलिंडर वापरलें जात होतें. जळण लांकूड असो वा गॅस, डब्याच्या चिंचोळ्या जागेंतून धुरांत बाहेर पडणें सारखेंच कठीण.

स्वयंपाकाच्या वेळीं पदर खोंचलेला असावा, सैल ओढणी किंवा नायलॉनचें वस्त्र नसावें. चुलीच्या जवळ पाण्यानें भरलेली बादली व चार मुठी माती असावी. मात्र कढईंतील तेल पेटलें तर त्यावर पाणी न घालतां वर झांकण टाकावें. कपडे पेटल्यास पळूं नये; जमिनीवर लोळावें, किंवा दुसऱ्यानें जाड घोंगडीनें लपेटावें. भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या थंड पाण्याखालीं धरावा, अंगठी-बांगड्या लगेच काढाव्या. त्यावर हळद, शाई, टूथपेस्ट किंवा बर्फ लावूं नये. चट्टा तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहरा वा हात भाजला असेल, तर दवाखाना गांठावा.

शेवटचा धडा विझविण्याचा. वरून पांढरी दिसणारी राख आंत पुष्कळ तास जिवंत राहते. ती वाऱ्यावर उधळणें किंवा पाचटाजवळ ओतणें म्हणजे आग पेरून जाणें होय. पाणी घालावें, काठीनें ढवळावें, पुन्हां पाणी घालावें. हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाहीं अशी खात्री झाली म्हणजेच उठावें. वनभोजनास गेलेल्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. पाटोदा तालुक्यांतील नायगांव येथें मोरांचें अभयारण्य आहे; अशा ठिकाणीं वनाला धोका होईल असा विस्तव पेटविणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें निषिद्ध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें मरण पावलीं. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं गॅस आहे त्यांना हा आंकडा दूरचा वाटेल. परंतु आपल्या चहांतील साखर ज्या उसाची, तो तोडणारी बाई पहांटे ज्या चुलीपुढें बसते, ती चूल फारशी दूर नाहीं. कोप्यांमध्यें थोडें अंतर, स्वयंपाकासाठीं चारी बाजूंनीं मोकळें असें एक पत्र्याचें छप्पर, आणि तळावर पाण्याची भरलेली टांकी, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही कारखान्यास किंवा मुकादमास अशक्य नाहींत. चूल कशी पेटवावी हें त्या बाईला आपल्याहून पुष्कळ चांगलें कळतें. ती कोठें पेटवावी हें ठरविण्याइतकी जागा मात्र तिला दुसऱ्यांनींच द्यावी लागते.