'टु' की 'इंग'?

इंग्रजीत एका क्रियापदानंतर दुसरे क्रियापद आले, की त्या दुसऱ्याला बहुधा दोनपैकी एक रूप घ्यावे लागते: आधी 'टु' लावलेले मूळ रूप, ज्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात व जे संस्कृतातील तुमन्ताच्या जवळचे आहे, किंवा शेवटी 'इंग' जोडून नामासारखे वापरले जाणारे रूप, म्हणजे जिरंड. 'वाँट'नंतर 'टु स्विम' येते, 'एन्जॉय'नंतर मात्र 'स्विमिंग'च. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेल्या, आणि पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू होण्यापूर्वी त्या भाषेची ओळख पाचवीत झालेल्या पिढ्यांनी ही निवड याद्या घोकूनच पार पाडली.

'आय एन्जॉय टु स्विम' ही चूक अज्ञानातून होत नाही. 'पोहायला शिकलो' आणि 'पोहायला आवडते' या दोन्ही ठिकाणी मराठी एकच रूप वापरते, त्यामुळे दोन्हींकडे 'टु' लावावासा वाटणे स्वाभाविक आहे. १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात मराठीशेजारी कानावर पडत आलेली उर्दू तर 'तैरना' या एकाच रूपावर 'तैरना चाहता हूँ' आणि 'तैरना पसंद है' अशी दोन्ही कामे भागवते.

जुन्या इंग्रजीत 'टु' हे दिशा दाखवणारे अव्यय होते, आणि म्हणूनच अजून न घडलेल्या, पुढे करावयाच्या कृतीकडे बोट दाखवणारी 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'रिफ्यूज' ही क्रियापदे 'टु' घेतात, तर घडलेल्या, चालू असलेल्या किंवा अनुभवलेल्या कृतीविषयी बोलणारी 'फिनिश', 'अडमिट', 'डिनाय' ही 'इंग' घेतात. नियम उपयोगी आहे, पण निरपवाद नाही: 'सजेस्ट' आणि 'कन्सिडर' पुढच्या कृतीविषयी बोलूनही 'इंग' घेतात, 'मॅनेज' घडून गेलेल्या कृतीसाठीही 'टु' मागते, आणि अशा शब्दांपुढे पाठांतराला पर्याय नाही.

जिथे दोन्ही रूपे चालतात पण अर्थ बदलतो, तिथे मात्र मराठी वाचकाचे पारडे जड आहे, कारण तो भेद त्याची भाषा स्वतःच करते. लातूरहून नांदेडकडे निघालेला चालक अहमदपूरला 'चहा प्यायला थांबला', तर 'स्टॉप्ड टु ड्रिंक'. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने 'चहा पिणे थांबवले', तर 'स्टॉप्ड ड्रिंकिंग'. 'कुलूप लावायचे लक्षात ठेवले' यात कृती पुढे आहे, म्हणून 'रिमेंबर्ड टु लॉक'. 'कुलूप लावल्याचे आठवते' यात ती होऊन गेली आहे, म्हणून 'रिमेंबर लॉकिंग'. 'खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला' म्हणजे 'ट्राइड टु ओपन', आणि ती बहुधा घट्ट बसली होती. 'खिडकी उघडून पाहिली' म्हणजे 'ट्राइड ओपनिंग', कारण ती उघडली, आता उकाडा कमी होतो का एवढेच पाहायचे. पाठ्यपुस्तकांनी या जोड्या मराठी वाक्यांशेजारी छापल्या असत्या, तर निम्म्या याद्या लागल्याच नसत्या.

'लाइक' आणि 'बिगिन' यांना दोन्ही रूपे चालतात; तिथे डोके खपवण्याचे कारण नाही.

नोकरीच्या अर्जात मात्र एक सापळा हमखास भेटतो. 'लुक फॉरवर्ड टु' यातला 'टु' इन्फिनिटिव्हचा नसून साधे शब्दयोगी अव्यय आहे, आणि अव्ययानंतर नामासारखे रूप लागते. म्हणून अर्जाच्या शेवटी 'टु हिअर' न लिहिता 'टु हिअरिंग' लिहावे.